नाकासमोरचा वास

टोर्व्हिक गावात कुणी कशाला वाईट म्हणत नाही. ‘वेगळं आहे’ म्हणतात. सुनेचा केक मधोमध बसला, तर सासू पहिला घास कसाबसा गिळून खिडकीबाहेर बघत म्हणते, “वेगळाच झालाय हं.” सून काय ते समजते आणि घरी जाऊन रडते. दातांच्या नव्या डॉक्टरांनी मागे एकदा भलताच दात उपटला, तेव्हा ज्याचा दात गेला तो बिचारा सुजल्या गालानं एवढंच म्हणाला, “पद्धत जरा वेगळी आहे त्यांची.” पणजोबा-खापरपणजोबा नॉर्वेहून मिनेसोटात आले, ते दोनच गोष्टी बांधून घेऊन आले असावेत: सुकवलेला मासा आणि हा शब्द. दोन्ही इथल्या थंडीत चांगले टिकले. आणि दोन्हींनी मिळून एका शनिवारी दुपारी, भरल्या पंगतीत, आख्खं चर्च आभाळात धाडायची तयारी केली होती.

ऑर्लिन टॉल्फसन एकतीस वर्षं गावचे पोस्टमास्तर होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी गाव त्यांना पोस्टमास्तरच म्हणतं. माणूस नाकासमोर चालणारा. न वाचता केलेली सही आणि न धुता खाल्लेलं फळ, दोन्ही पुढे पोटात दुखतात, असं त्यांचं मत. पण ज्या नाकासमोर ते जन्मभर चालले, ते नाकच दोन वर्षांपूर्वी त्यांना सोडून गेलं होतं. म्हणजे जागेवर होतं, चष्माही त्याच्यावरच बसत होता. पण हिवाळ्यातलं एक मोठं पडसं जाताना वास तेवढा सोबत घेऊन गेलं.

त्याच दिवशी अर्डिसबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, पहाटेपासून खपून दालचिनीचे पाव भाजले होते. “कसा वास सुटलाय?” त्यांनी विचारलं. गालाला पीठ लागलेलं, डोळ्यांत कौतुकाची वाट. पोस्टमास्तर म्हणाले, “वा! घरभर!”

हे काही खोटं नव्हतं. वास घरभर असणारच. पण दुसऱ्या दिवशी खरं सांगायला जावं, तर कालची ‘वा’ उघडी पडणार. आज सांगू, उद्या सांगू करता करता ‘वा’ साठत गेल्या. दोन वर्षांच्या सातशे तरी झाल्या असतील. एवढा ढीग एकदम कोसळला तर त्याखाली कोण कोण सापडेल, या भीतीनं पोस्टमास्तर गप्प राहिले.

अशात सप्टेंबरात चर्चला विमा कंपनीचं पत्र आलं. चर्चच्या तळघरात गॅसच्या शेगड्या आहेत, मागच्या अंगणात गॅसची मोठी टाकी आहे, आणि वर्षातून एकदा तुम्ही चारशे माणसं जेवायला घालता. तेव्हा एक सुरक्षाप्रमुख नेमा. त्यानं दर आठवड्याला तपासणी करून फॉर्मवर सही करावी. सही नाही, तर जेवण नाही.

हे जेवण म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारचं लुटफिस्कचं जेवण. सुकवलेला मासा आधी क्षारात, मग पाण्यात कित्येक दिवस भिजवायचा, तो थुलथुलीत झाला की उकडायचा, वर वितळलेलं लोणी ओतायचं, आणि देवाचं नाव घेऊन गिळायचा. चव म्हणाल तर लोण्याची. वास मात्र पुढच्या ईस्टरपर्यंत पडद्यांतून जात नाही. यंदा या जेवणाचं सत्तरावं वर्ष होतं. ते बंद पडलं असतं, तर गावाचं नाकच कापलं गेलं असतं.

सुरक्षाप्रमुख निवडायची सभा झाली, तेव्हा पोस्टमास्तर गाडीची चाकं बदलायला गेले होते. आठ वर्षांत पहिल्यांदाच सभेला गैरहजर. आणि चर्चच्या सभांचा एक अलिखित नियम आहे, की गैरहजर माणूस नाही म्हणत नाही.

चर्चच्या धर्मगुरू, पास्टर क्रिस्टा, यांचा फोन आला. पास्टरबाई वयानं तिशीतल्या, आवाजानं त्याहून लहान. “पोस्टमास्तर, तुमचं एकमतानं ठरलं!”

“नको हो, पास्टर. दुसरं कुणीतरी बघा.”

“तुमच्याइतकं काटेकोर कोण आहे?”

“खरंच नको. मला नाही जमायचं.”

आता टोर्व्हिकची रीत अशी, की काहीही देऊ केलं तर दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. मग ती कॉफी असो, केक असो, नाहीतर पद. पोस्टमास्तरांनी दोनदा अगदी पोटतिडकीनं नकार दिला. पास्टरबाईंनी तो रीतीत धरला. “मग लिहू ना तुमचं नाव?” असं त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि एकाहत्तर वर्षांच्या सवयीनं पोस्टमास्तरांच्या तोंडून निघून गेलं, “बरं, तुम्हाला फार त्रास नसेल तर.”

फोन ठेवला आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. वास न येणारा माणूस गॅसगळती शोधणार! आंधळ्याला गावाची राखण, तसं झालं.

फॉर्ममधलं सातवं कलम तर जणू त्यांच्याचसाठी लिहिलेलं होतं. ‘मी संपूर्ण तळघरात फिरलो. मला गॅसचा वास आला नाही.’ खाली सही.

पोस्टमास्तरांनी हे वाक्य चार वेळा वाचलं. ते फिरले होते. वास आला नव्हता. अक्षर न् अक्षर खरं. त्यांनी सही केली. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेत बायबलातल्या दहा आज्ञा म्हणताना आठवीपाशी जीभ अडखळली: खोटी साक्ष देऊ नको. “यात खोटं कुठं आहे?” त्यांनी देवाला विचारलं. देव काही बोलला नाही. देवाची पद्धतही जरा वेगळीच आहे.

देव बोलला नसला, तरी पत्राबरोबरची पुस्तिका बोलली. तिच्यात लिहिलं होतं: नुसत्या नाकावर विसंबू नका, गॅसच्या नळीच्या प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले, तर गळती. पोस्टमास्तरांना गहिवरून आलं. बुडबुडे डोळ्यांनी दिसतात! त्यांनी मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत भांडी घासायचा साबण कालवला, दाढीचा जुना ब्रश घेतला, आणि सराव म्हणून आधी घरच्या शेगडीला असा काही फेस लावला, की अर्डिसबाई स्वयंपाकघरातून न्हाणीघरापर्यंत पाय न उचलता पोचल्या.

“ऑर्लिन,” जमिनीवर बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, “गॅसनं नाही गेले, तर साबणानं नक्की जाईन.”

मग दर सोमवारी सकाळी नऊला बरणी आणि ब्रश घेऊन पोस्टमास्तर चर्चला जाऊ लागले. पहिल्याच सोमवारी अर्डिसबाई कोट चढवून दारात उभ्या. “मीही येते. लेफ्साचे ट्रे मोजायचेत.” लेफ्सा म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, जेवणासाठी बायका हजार-दीड हजार लाटतात, ती ठेवायला ट्रे लागतात. ट्रे बेचाळीस भरले. पुढच्या सोमवारी त्या पुन्हा मोजायला आल्या. पुन्हा बेचाळीस. त्याच्या पुढच्या सोमवारीही. ट्रे काय पिल्लं घालतात का, असं पोस्टमास्तरांच्या मनात आलं. पण लग्नाला शेहेचाळीस वर्षं झालेला माणूस असले प्रश्न विचारत नाही.

साबणाची बातमी गावात पसरली आणि सल्ले सुरू झाले. सगळ्यात आधी आला शेजारचा हार्लन. हार्लननं आयुष्यभर मका पिकवला आणि फावल्या वेळात सल्ले. मका एखाद्या वर्षी बुडायचा.

“अलार्म लाव,” हार्लन म्हणाला. “गॅसचा वेगळा अलार्म मिळतो.”

“आणलाय. कोठीच्या खोलीत लावायचाय, गॅसची नळी तिथूनच आत येते.”

“भिंतीवर, अगदी छतालगत लाव. धूर कुठं जातो? वर. वाफ कुठं जाते? वर. तसाच गॅस. साधी अक्कल आहे.”

पण भिंतीला भोक पाडायचं, तर चर्चची परवानगी हवी. इमारत समितीची हरकत नव्हती, फक्त स्वयंपाकघर समितीला विचारा म्हणाले. स्वयंपाकघर समितीचीही हरकत नव्हती, पण ती भिंत पलीकडून रविवारच्या शाळेची लागते. शाळेचीही हरकत नव्हती, मात्र इमारत समितीचं लेखी हवं होतं. ज्या गोष्टीला कुणाचीच हरकत नव्हती तिला एकोणीस दिवस लागले. विसाव्या दिवशी पोस्टमास्तर शिडीवर चढले, खाली हार्लननं शिडी धरली, आणि ड्रिलचं पातं भिंतीतून आरपार जाऊन पलीकडे रविवारच्या शाळेत, मुलांसाठी रंगवलेल्या नोहाच्या नावेतल्या जिराफाच्या नेमक्या नाकपुडीतून बाहेर आलं. मुलं खूश झाली. इमारत समितीनं येऊन पाहिलं आणि जिराफ आता वेगळा दिसतो, असं इतिवृत्तात लिहिलं.

त्यानंतर पोस्टमास्तरांनी पुस्तिकेचं पुढचं पान उलटलं.

“हार्लन, हा टाकीतला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो खाली बसतो. मांजरासारखा जमिनीलगत पसरतो. अलार्म खाली लावायचा असतो.”

“मग वर का लावलास?” हार्लन म्हणाला.

पोस्टमास्तर हे मुकाट्यानं गिळून शिडीवरून उतरले आणि अलार्म जमिनीलगतच्या प्लगमध्ये खोचला. कोठीत तो एकच प्लग. त्यावर व्हर्नाबाईंनी मान किंचित वाकडी केली. व्हर्नाबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. गेली चाळीस वर्षं लुटफिस्कच्या जेवणाच्या मुख्य. “तो माझ्या कॉफीच्या पिंपाचा प्लग आहे, ऑर्लिन,” त्या इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, की पोस्टमास्तरांना घाम फुटला.

मग गॅसवाल्यांकडून लोकांना वाटायला कार्डं आली. नखानं खरवडलं की गॅसचा वास सुटतो, म्हणजे खरा आला तर ओळखू येईल. रविवारी उपासनेनंतर कॉफीच्या वेळी पास्टरबाई म्हणाल्या, “पोस्टमास्तर आपल्याला दाखवतील.” सव्वाशे माणसं कप हातात धरून बघत होती. पोस्टमास्तरांनी कार्ड खरवडलं, नाकाशी नेलं, आणि नाटकातल्यासारखा चेहरा वाकडातिकडा करून मागे झुकले. “हू! उग्र! एकदा आला की विसरणं नाही!”

पास्टरबाई पुढे झाल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, “पोस्टमास्तर, वासाची बाजू मागे आहे. तुम्ही फोन नंबर खरवडलात.”

कुणी हसलं नाही. टोर्व्हिकमध्ये हसत नाहीत. सगळ्यांनी एकदम कपात बघितलं, ते त्याहून वाईट. मग लोकांनी आपापली कार्डं योग्य बाजूनं खरवडली. “अच्छा, सडक्या अंड्यांसारखा,” कुणी म्हणालं. “वाईट नाही तसा,” दुसरं कुणी. ड्वेन, गावच्या अग्निशमन दलाचा मुखिया, कार्ड दोनदा हुंगून म्हणाला, “मला विचाराल तर आपल्या माशाच्या फार लांबचा नाही.” व्हर्नाबाईंनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं. ड्वेननं कार्ड खिशात घातलं.

अर्डिसबाई कोपऱ्यात उभ्या होत्या. घरी येताना गाडीत म्हणाल्या, “उद्या सोमवार. ट्रे मोजायला येते मी.”

जेवणाच्या आदल्या गुरुवारी बटाटे सोलायचे असतात. ते काम परंपरेनं अग्निशमन दलाचं; दल म्हणजे काही पगारी माणसं नव्हेत, गावातलेच बारा शेतकरी, दुकानदार आणि एक न्हावी. बारा जण तळघरात बटाटे सोलत बसलेले. कोठीत आरसा असल्यामुळे बायका तिथे नॉर्वेचा पारंपरिक पोशाख करून वर्तमानपत्राच्या फोटोसाठी केस बसवत होत्या. केसांवर फवारा मारला, आणि अलार्म किंचाळला. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे पोस्टमास्तरांनी सगळ्यांना बाहेर काढलं, बाहेर येऊनच फोन लावला. त्याबरोबर चर्चच्या अंगणात, हातात सोलाणी धरून उभ्या असलेल्या बारा माणसांच्या कमरेचे बारा पेजर एकदम वाजले.

“ड्वेन, आपण इथंच आहोत,” न्हावी म्हणाला.

“बंब तिकडे आहे,” ड्वेन म्हणाला. “नियमानं बंब घेऊनच यायचं असतं.”

बारा जण सोलाण्यांसकट चार गल्ल्या धावत गेले आणि घंटा वाजवत परत आले. ड्वेननं वही उघडली. “कारण काय लिहू, पोस्टमास्तर?”

“केसांचा फवारा,” पोस्टमास्तर जमिनीकडे बघत म्हणाले.

शुक्रवारच्या वर्तमानपत्रात बंबाचा फोटो आला. बायकांचा आला नाही. व्हर्नाबाईंनी पोस्टमास्तरांच्या कोपराला हात लावला. “वेगळाच अलार्म आणलायस, ऑर्लिन.”

यापेक्षा थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

शनिवार उजाडला. सकाळी अकरापासून लोक येऊ लागले. कुणी दोनशे मैलांवरून. वर उपासनेच्या दालनात नंबर घेऊन बसायचं, भजनं म्हणायची, नंबर पुकारला की तळघरात जेवायला उतरायचं. पोस्टमास्तरांनी ठरवलं होतं, की आज तीनदा साबण लावायचा: सकाळी, दुपारी आणि दुसऱ्या पंगतीच्या आधी. सकाळी ठीक. दुपारी ठीक. वाढपी मंडळी एव्हाना त्यांना ‘बुडबुडेमास्तर’ म्हणू लागली होती, अर्थात त्यांची पाठ वळल्यावर.

तीनच्या सुमाराला स्वयंपाकघरात एक गोष्ट घडत होती, आणि ती प्रत्येकाला स्वतंत्रपणे कळत होती. पास्टरबाई बटाट्यांचं भांडं न्यायला आल्या, थबकल्या, आणि म्हणाल्या, “आज वास जरा... वेगळा आहे.”

“सत्तर वर्षं हाच आहे,” व्हर्नाबाई म्हणाल्या.

ड्वेन लोण्याच्या किटल्या घेऊन गेला. “यंदाचा मासा जोरकस आहे हं, व्हर्ना!” त्याला वाटलं, आपण कौतुक केलं. कोठीच्या दाराशी लेफ्साच्या टेबलावर बसलेल्या अर्डिसबाईंनीही दोनदा मान वर करून वास घेतला, समोरून माशाची वाफाळती परात गेली, आणि त्यांनी मान खाली घातली. माशाला नावं ठेवायची म्हणजे व्हर्नाबाईंच्या चाळीस वर्षांना नावं ठेवायची. ते कोण करणार?

पोस्टमास्तर बरणी-ब्रश घेऊन कोठीत शिरले. आधी त्यांना अलार्म दिसला: फळीवर, वायर नीट गुंडाळून, वर कपडा झाकून ठेवलेला. त्याच्या प्लगमध्ये कॉफीचं पिंप खोचलेलं आणि त्याचा लाल दिवा लागलेला. मग त्यांना दिसलं, की हार्लननं माशाचं रिकामं पिंप ढकलत आणून नेमकं भिंतीलगतच्या गॅसच्या नळीला टेकवलंय. ते गुडघ्यांवर बसले. सांध्याला ब्रश लावला.

बुडबुडा आला. बेडकाचा गळा फुगावा तसा फुगत गेला, फुटला, आणि त्याच्यामागून दुसरा आला.

हार्लन रिकामे ट्रे घेऊन दारात उभा होता. पोस्टमास्तर न वळता म्हणाले, “हार्लन, इथं कसला वास येतोय?”

“मासा.”

“नीट घे.”

“मासाच. जरा वेगळा.”

“किती वेगळा?”

असा प्रश्न टोर्व्हिकमध्ये आजवर कुणी कुणाला विचारला नव्हता. हार्लननं एक पाय उचलला, दुसऱ्यावर भार दिला. मागे वळून व्हर्नाबाई ऐकत नाहीत ना, ते पाहिलं. “खरं सांगू? सडकी अंडी. तासभर येतोय. पण आज सत्तरावं वर्ष, म्हातारीला कशाला दुखवायचं?” मग त्याला बुडबुडा दिसला, आणि दिसल्याबरोबर त्याला एक सल्ला सुचला. “थांब, आधी कॉफीच्या पिंपाचा प्लग काढतो!” म्हणत तो खाली वाकला.

“हात लावू नकोस!”

तो आवाज कुणाचा, हे पहिल्यांदा कुणालाच कळलं नाही. पोस्टमास्तरांना आवाज आहे, हेच गावाला माहीत नव्हतं. “प्लग काढायचा नाही! दिव्याचं बटण दाबायचं नाही! एक ठिणगी पुरे आहे. आधी बाहेरचं दार उघड.”

व्हर्नाबाई पलिता धरावा तशी पळी धरून पुढे आल्या. “ऑर्लिन, परवा केसांचा फवारा होता. आज मासा आहे. इथं एकशे चाळीस माणसं जेवतायत, वर अडीचशे बसलीयत. तुला तरी गॅसचा वास येतोय का?”

सगळे पोस्टमास्तरांकडे बघू लागले. हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं, तर दोन वर्षं जपलेलं नाकही वाचलं असतं आणि माणसंही. पण खरं सांगायचं, तर आज त्यांना खोट्या साक्षीचा कंटाळा आला होता.

“नाही,” ते म्हणाले. “मला गॅसचा वास येत नाही, माशाचा येत नाही, कशाचाच येत नाही. दोन वर्षं झाली. माझ्या नाकावर विश्वास ठेवू नकोस, व्हर्ना. माझाही नाही. हे बघ.” त्यांनी पुन्हा ब्रश लावला, आणि सगळ्यांच्या देखत सांध्यावर एक मोठा, गोल, इंद्रधनुषी बुडबुडा उभा राहिला.

व्हर्नाबाईंनी तो फुटेपर्यंत पाहिला. मग पळी खाली ठेवली आणि सगळ्या शेगड्या स्वतःच्या हातानं बंद केल्या. “ड्वेन,” त्या म्हणाल्या, “बाहेर टाकीचा व्हॉल्व्ह बंद कर. आणि माझ्या माशाला आजवर सडक्या अंड्यांचा वास कधी आला नाही, हे तुम्हाला कुणालाच कळू नये?”

आता माणसं बाहेर काढायची होती. पास्टरबाई जेवणाच्या दालनात जाऊन म्हणाल्या, “कृपया सगळ्यांनी लगेच बाहेर चला.” सगळे उठले आणि दाराशी येऊन अडले. “तुम्ही आधी.” “छे छे, तुम्ही.” “तुमचा गुडघा दुखतो, तुम्ही पुढे व्हा.” दार धरून उभे राहिलेले चार जण आणि त्यातून न जाणारे एकशे चाळीस. वर तर आणखीच वाईट. नंबर पुकारल्याशिवाय उठणं बरं दिसत नाही, म्हणून अडीचशे माणसं तिसरं कडवं म्हणत जागेवर बसून होती.

पोस्टमास्तर जिन्यात उभे राहिले. एकतीस वर्षं खिडकीच्या आतून रांग हाकलेला माणूस. त्यांनी घसा साफ केला आणि पुकारलं, “नंबर एक ते चाळीस, बाहेर!”

चाळीस माणसं उठली आणि निघाली. “एक्केचाळीस ते ऐंशी, मागच्या दारानं!” तीही निघाली. पाच मिनिटांत चर्च रिकामं. एकजण परत आला. त्याचा नंबर तीनशे नव्वद होता आणि तो चुकून आधी बाहेर पडला होता, त्याला माफी मागायची होती.

पुढचं सगळं अंगणात झालं. बारा पेजर वाजले, बारा माणसं ॲप्रनसकट धावत जाऊन बंब घेऊन आली. खांबावरून वीज तोडली, दारं-खिडक्या उघडल्या, मीटर लावून हवा मोजली. गॅसच्या टाकीवाल्याला बोलवायला लागलं नाही. तो नंबर एकशे सत्याऐंशी घेऊन तिथेच कुडकुडत उभा होता. त्यानं माशाचं पिंप हटवलं, वाकलेला सांधा बदलला, आणि पोस्टमास्तरांकडूनच ब्रश मागून घेऊन तपासला. दोन तास लागले. एकही माणूस घरी गेला नाही. तसंही टोर्व्हिकमध्ये निरोप घ्यायला दोन तास लागतातच.

त्या दोन तासांत अर्डिसबाई पोस्टमास्तरांच्या शेजारी उभ्या होत्या. सांगणार म्हणून पोस्टमास्तरांनी तीनदा तोंड उघडलं. शेवटी म्हणाले, “अर्डिस, ते दालचिनीचे पाव...”

“माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“जळले होते ते, ऑर्लिन. खालून कोळसा. आणि तू म्हणालास, ‘वा, घरभर!’” अर्डिसबाईंनी मफलर नीट केला. “मला वाटलं, सांगेल आपणहून. मग त्या लोकांनी तुला गॅस हुंगायला नेमलं. तुला काय वाटलं, दर सोमवारी मी ट्रे मोजायला येत होते? तू ब्रश फिरवायचास, मी मागे उभी राहून वास घ्यायची. तुझी सही खोटी पडू नये म्हणून. आज मात्र मीही फसले. मासा समजले. देवानं नाक दिलंय, आणि मी भिडेपायी वापरलं नाही.”

पोस्टमास्तरांनी त्यांचा हात धरला. चारचौघांत. गावानं दुसरीकडे बघितलं.

साडेसहाला दुसरी पंगत बसली. दोन तास पाण्यात पडून मासा पार विरघळला होता. पळीनं उचलावा तर पळीतून पळायचा. व्हर्नाबाई कमरेवर हात ठेवून टेबलाशी आल्या. “कसा झालाय?” त्यांनी विचारलं, आणि वर म्हणाल्या, “आज कुणी ‘वेगळा’ म्हणायचं नाही. खरं सांगायचं.”

सगळ्यांनी आपापल्या ताटात बघितलं. मग हार्लन म्हणाला, “व्हर्ना, भयंकर झालाय.”

व्हर्नाबाईंनी क्षणभर डोळे मिटले. “देवा, तुझे आभार,” त्या म्हणाल्या. “सत्तर वर्षं असाच होतो. मला वाटायचं, फक्त मलाच लागतो.” आणि त्या हसायला लागल्या, मग टेबल हसलं, मग तळघर. हार्लननं लोणी घालून दुसऱ्यांदा वाढून घेतला.

सोमवारी सकाळी फॉर्म भरायची वेळ आली. पोस्टमास्तरांनी सातवं कलम खोडलं आणि शेजारी सुबक अक्षरात लिहिलं: ‘मला वास येत नाही. म्हणून मी साबण लावून तपासलं. माझी पत्नी सोबत होती. तिलाही वास आला नाही.’ खाली दोन सह्या. विमा कंपनीनं हे चालेल का, ते अजून कळवलेलं नाही; पण आठवी आज्ञा म्हणताना जीभ आता अडखळत नाही.

घरी आल्यावर अर्डिसबाईंनी कॉफीचा कप पुढे ठेवला. “कशी आहे?”

‘वा’ ओठांवर आली होती. पोस्टमास्तरांनी ती परत गिळली. “गरम आहे,” ते म्हणाले. “त्यापलीकडचं मला काही कळत नाही.”

“मग बरंच झालं,” अर्डिसबाई आपल्या कपात ताजी कॉफी ओतत म्हणाल्या. “दोन वर्षं तुला कालचीच गरम करून देतेय.”